आधी कळंबा, मग दाजीपूर

कोल्हापुरात शाळेची सहल म्हटली की पहिली नावं येतात ती पन्हाळा, जोतिबा आणि गणपतीपुळे. त्यांच्या जोडीला ‘निसर्ग अभ्यास सहल’ हा प्रकारही आता शाळा-कॉलेजांच्या वार्षिक नियोजनात रुळला आहे. जंगलाजवळ मुक्काम, सोबत वाटाड्या, सकाळी पक्षीनिरीक्षण, रात्री आकाशदर्शन आणि निघताना प्रमाणपत्र, असा त्याचा साचाही ठरून गेला आहे. अशा सहली नेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि मार्गदर्शकांसाठी ही पुस्तिका आहे. तिचा क्रम पाहून काहींना नवल वाटेल. दाजीपूरचं रान, म्हणजे राधानगरी अभयारण्य, तिच्यात निम्म्यावर येतं आणि सुरुवात होते कळंब्याच्या तलावापासून. हा क्रम मला मनापासून पटतो. तो का पटतो, तेवढंच या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

सरकारी कागदांवर हे गाव ‘कळंबे तर्फ ठाणे’. शहरातल्या माणसाला ते ठाऊक असतं मध्यवर्ती कारागृहामुळे, गारगोटी रस्त्यामुळे आणि तलावामुळे. कात्यायनीच्या डोंगराकडून येणारं पावसाचं पाणी अडवून संस्थानकाळात हा तलाव बांधला आणि कोल्हापूरच्या कित्येक पिढ्या त्याचं पाणी प्यायल्या. तलाव भरला की सांडव्यावरून निघालेलं पाणी जयंती नाल्याला मिळतं, शहराच्या मधून वाहतं आणि पंचगंगेत जातं. वरच्या अंगाला त्या पाण्याचा रंग कसा असतो आणि शहर ओलांडेपर्यंत त्याचं काय होतं, हे पाहायला ना मुक्काम लागतो, ना वनखात्याची परवानगी. केएमटीच्या तिकिटात ही सहल होते. ज्या शाळेतल्या अर्ध्या मुलांच्या घरी सहलीची वर्गणी भरताना पोटाला चिमटा बसतो, त्या शाळेला हे फार महत्त्वाचं आहे.

तलावावर पक्षी असतातच. पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात, ढोकरी काठाच्या चिखलात निश्चल उभी असते, खंड्या तारेवर असतो. थंडीत धोबी पक्षी शेपटी हलवत ओल्या काठावर फिरायला लागतो. पण तीस मुलांना एका दमात वीस नावं सांगितली, तर घरी पोचेपर्यंत त्यांतली दोन उरतात. पुस्तिकेत सुचवलेला पहिला उपक्रम त्यापेक्षा कितीतरी चांगला आहे. टिबुकली शोधायची. मुठीएवढं दिसणारं हे पाणपाखरू डोळ्यांदेखत बुडी मारतं आणि भलतीकडेच वर येतं. एका मुलाने घड्याळ धरायचं, दुसऱ्याने बोट दाखवून जागा सांगायची, तिसऱ्याने लिहायचं. बुडी किती सेकंदांची? वर आल्यावर चोचीत काही होतं का? लागोपाठच्या दोन बुड्यांमध्ये किती वेळ गेला? अर्धा तास एकाच पाखरावर घालवला की प्रश्न आपोआप येतात. काठाजवळच्या बुड्या आखूड का? आत गढूळ असताना त्याला दिसतं कसं? शेजारी पोहणारं हळदीकुंकू बदक नुसतं डोकं खाली आणि शेपूट वर करतं, पूर्ण बुडत का नाही? इथे कुणी व्याख्यान दिलेलं नसतं. तरी मुलं पाण्याच्या खोलीबद्दल, तळाच्या चिखलाबद्दल, माशांच्या पिलांबद्दल बोलायला लागलेली असतात. एरवी वर्गात तोंड न उघडणारी मुलगी अशा वेळी मोजणीत चूक झाली म्हणून हटून बसते, हे मी पाहिलं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर 1991 मध्ये पर्यावरणाचा विषय शिक्षणात सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. त्यामागचा हेतू मोठा होता. प्रत्यक्षात त्याचं रूप बहुतेक ठिकाणी प्रकल्पाच्या वहीचं झालं, आणि ती वही एकाची पाहून दुसऱ्याने उतरवायची. टिबुकलीच्या बुड्यांचा तक्ता असा उतरवता येत नाही. दोन गटांचे आकडे जुळले नाहीत तर का जुळले नाहीत याची चर्चा करावी लागते, आणि विज्ञानाची सुरुवात त्या चर्चेतच होते. बांधावरच्या त्या सकाळीच मुलांना इतर गोष्टीही दिसतात: धुण्याचा साबण, निर्माल्याच्या पिशव्या, पाणलोटाच्या उतारावर वाढत गेलेली घरं. त्यावर शिक्षकाने लगेच उपदेश करू नये. पाऊस पडला की या उतारावरचं पाणी कुठून कुठे जाईल, एवढंच विचारावं आणि नकाशा काढायला सांगावा.

कळंबा आणि दाजीपूर यांचा संबंध इथेच जुळतो. तो संबंध पाण्याचा आहे. राधानगरी अभयारण्याच्या डोंगरांवर पडणारा पाऊस दोन मोठ्या जलाशयांत जातो. एक भोगावतीवरचा राधानगरीचा, दुसरा दूधगंगेवरचा काळम्मावाडीचा. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलं. त्याच्या आपोआप उघडणाऱ्या दरवाजांची बातमी आजही दर पावसाळ्यात वाचायला मिळते. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनसाठी कोल्हापूरकरांनी किती वर्षं मोर्चे काढले, ते मुलांच्या आई-वडिलांना चांगलं आठवत असेल. म्हणजे ज्या रानात गवे चरतात त्या रानाचं पाणी या मुलांच्या घरच्या नळाला येतं. पण तलावावर पाणलोट म्हणजे काय हे एकदा समजलेलं असेल, तरच हे वाक्य मुलांना कळतं. नाहीतर ते पाठ करायचं आणखी एक वाक्य होतं.

पश्चिमेकडच्या प्रवासातच केवढा अभ्यास होतो, याकडेही पुस्तिका लक्ष वेधते आणि ते योग्य आहे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला शिरोळकडे पाचशेच्या आसपास. एका जिल्ह्यात दहापटीचा फरक. कळे, साळवण करत गगनबावड्याकडे जाणाऱ्या गाडीत मुलांनी गाण्याच्या भेंड्या जरूर खेळाव्यात. पण दर दहा किलोमीटरला खिडकीबाहेर काय पिकलंय ते लिहावं. उसाचे मळे कुठे विरळ होतात, भाताची खाचरं कुठे सुरू होतात, घरांच्या छपरांचा उतार कुठे वाढतो, जांभा दगड पहिल्यांदा कुठे दिसतो. भूगोलाच्या पुस्तकातलं पर्जन्यछायेचं प्रकरण मग वेगळं शिकवावं लागत नाही.

अभयारण्याचा इतिहासही शिक्षकाला ठाऊक असावा. दाजीपूरचं रान संस्थानाच्या काळात राखीव शिकारीचं होतं. त्या काळी कोल्हापुरात काळवीटाच्या शिकारीसाठी चित्ते पाळले जात. ते सांभाळणारे चित्तेवान होते, आणि देशातले चित्ते दुर्मिळ झाले तसे आफ्रिकेतून मागवण्यात आले. 1952 मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पुढे सहा वर्षांनी, 1958 मध्ये, दाजीपूर हे गव्यांसाठी अभयारण्य झालं. राज्यातल्या सर्वांत जुन्या अभयारण्यांत त्याची गणना होते. 1985 मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी वन्यजीव अभयारण्य झालं, क्षेत्र 351 चौरस किलोमीटर. 2012 मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातली 39 ठिकाणं जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यांत कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीही आहे. एका पिढीने बंदुकीच्या नळीवरून पाहिलेला प्राणी पुढच्या पिढीने दुर्बिणीतून पाहावा, यासाठी कायदे करावे लागले, माणसं बदलावी लागली.

असा बदल एका माणसाच्या आयुष्यातही घडलेला आहे. मुंबईत लहानपणी सालिम अली यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला ते 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलर्ड यांनी मुलाला हुसकावून न लावता कपाटं उघडून पक्ष्यांचे जतन केलेले नमुने दाखवले. मुलाच्या हातातली वस्तू, त्याचा प्रश्न आणि त्याला वेळ देणारा जाणता माणूस, एवढ्यावर भारतातलं पक्षीशास्त्र पुढे गेलं. सहलीतल्या मार्गदर्शकाकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

त्यामुळेच ‘हमखास गवा दाखवू’ अशा जाहिरातीने मुलं नेली जातात तेव्हा वाईट वाटतं. गवा मोठा देखणा प्राणी आहे. पांढरे मोजे घातल्यासारखे दिसणारे पाय, खांद्यावरचा उंचवटा, हजार किलोच्या घरात जाणारं नराचं वजन. तो दिसावा अशी इच्छा असणं साहजिक आहे. पण सहलीचं यश त्याच्या दिसण्यावर ठरवलं की चालक गाडी दामटतो, मुलं ओरडतात, कुणी मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला जवळ बोलावतो. विणीच्या दिवसांत असा आवाज ऐकून नर पक्षी प्रतिस्पर्धी आला समजून घरटं सोडून धावतो. पुस्तिकेने या प्रकाराला साफ मनाई केली आहे. ती मनाई शब्दशः पाळली जावी.

जनावर दिसलं नाही तरी ते काय करून गेलं हे वाचता येतं, आणि हे वाचायला शिकवणारी माणसं दाजीपुरात आहेत. एकदा ओल्या वाटेवर उमटलेल्या खुरांभोवती मुलांचं कोंडाळं झालं होतं. सोबतच्या वनमजूर मामांनी विचारलं, ‘‘सांगा बघू, ह्यो चढाला गेलाय का उताराला?’’ मुलं अंदाज ठोकत राहिली. शेवटी मामा खाली बसले आणि ठशाच्या पुढच्या कडेवर काडी टेकवून म्हणाले, ‘‘नखं कुठं रुतल्यात बघा की. माती कुनीकडं ढकलल्या?’’ मग मुलं गुडघ्यावर बसली. ठशाची कड अजून ओली आहे, आत पाणी झिरपलेलं नाही, वर पान पडलेलं नाही. म्हणजे जनावर फार वेळापूर्वी गेलेलं नाही. पुढे शेणाचा पो होता. त्याखालून शेणकिडे माती उकरून गोळ्या खाली नेत होते. त्या शेणात न पचलेल्या गवताचे तंतू होते. कॉलेजच्या मुलांनी नाकाला रुमाल न लावता त्यावर बराच वेळ घालवला. त्या दिवशी गवा दिसला नाही, आणि परतीच्या गाडीत कुणी त्याबद्दल कुरकुरलं नाही.

वनस्पतींचं प्रकरण या पुस्तिकेतलं सर्वांत सकस आहे असं मला वाटतं. कोल्हापूर जिल्ह्याच्या वनस्पतींवर शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने मोठं काम केलं आहे. डॉ. एस. आर. यादव आणि सरदेसाई यांचा जिल्ह्याच्या वनस्पतिसंपदेवरचा ग्रंथ 2002 मध्ये आला, आणि विद्यापीठाच्या आवारातलं वनस्पती उद्यान दुर्मिळ कंदीलपुष्पांसाठी अभ्यासकांना माहीत आहे. जंगलाला जाण्याआधी मुलांना एकदा तिथे न्यावं. सड्यावरच्या झाडांकडे पाहायला त्यामुळे डोळा तयार होतो. जांभ्याच्या सड्यावर मातीचा थर बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसाळ्यात त्यावर गेंद, सीतेची आसवं, सोनकी, तेरडा उगवतात आणि ऑक्टोबर सरता सरता सगळं वाळून जातं. त्या उथळ ओलीत दवबिंदू नावाची कीटकभक्षी वनस्पती असते, पाच रुपयांच्या नाण्याएवढी. तिच्या पानांवरच्या लाल केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. भिंगातून पाहिलं तर एखादं चिलट त्यात अडकलेलं आणि केस हळूहळू त्याच्यावर वाकलेले दिसतात. या मातीत नत्र कमी, म्हणून ती किडे धरते. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. पाहायला मात्र पोटावर पालथं पडावं लागतं, आणि पालथं पडताना शेजारच्या दहा रोपट्यांचा चुराडा होऊ शकतो. म्हणून एका वेळी दोघांनीच पुढे जावं आणि बाकीच्यांनी उघड्या खडकावर थांबावं. कासच्या पठारावर गर्दी हाताबाहेर गेल्यावर प्रवेशावर मर्यादा आणि शुल्क आणावं लागलं. आपल्याकडच्या मसाई पठाराची तीच गत होऊ नये. अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं. त्या बंदीतून कुणाच्या ओळखीने वाट काढणाऱ्या सहली मुलांना भलतंच शिकवतात.

विज्ञान शाखेच्या मोठ्या मुलांसाठी नरक्याचं उदाहरण जरूर घ्यावं. या झाडातून कॅम्प्टोथेसिन मिळतं आणि त्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात. त्या मागणीपायी राधानगरी-चंदगड पट्ट्यात हे झाड चोरून तोडलं गेलं. एका झाडात रसायनशास्त्र, कायदा, गावातल्या तरुणाला मिळणारी मजुरी आणि दूरदेशीची बाजारपेठ, सगळंच आलं. वादसभेसाठी यापेक्षा चांगला विषय शोधून सापडणार नाही.

आता जरा कठीण विषयाकडे. निसर्ग सहलींत रानाशेजारच्या माणसांना बहुधा जेवण रांधायला बोलावलं जातं, बोलायला नाही. या भागात धनगरवाडे आहेत, अभयारण्याच्या आत आणि कडेला वाड्या-वस्त्या आहेत. गव्यांच्या कळपाने एका रात्रीत उभं पीक साफ केल्यावर पंचनाम्याची वाट पाहणारा शेतकरी आहे. आजरा-चंदगडकडे कर्नाटकातून आलेल्या हत्तींनी केळी आणि ऊस मोडला आहे. डिसेंबर 2021 मध्ये गवे थेट कोल्हापूर शहराच्या वेशीवर आले तेव्हा शहराने पहिल्यांदा ती भीती अनुभवली. बघ्यांच्या गर्दीने त्या बिथरलेल्या जनावरांची अवस्था आणखी बिकट केली. सहलीतल्या मुलांनी या शेतकऱ्याच्या अंगणात बसून त्याचं ऐकावं. भरपाई किती मिळते, कधी मिळते, रात्री राखण कोण करतं, गवा अलीकडे जास्त का येतो असं त्याला वाटतं. त्याचं म्हणणं वनरक्षकाच्या म्हणण्याशी जुळेलच असं नाही. मुलांनी दोन्ही लिहून आणावं. मारुती चितमपल्लींनी वनखात्यात राहून जे लिहिलं त्याचा मोठा भाग रानातल्या माणसांकडून ऐकलेला होता. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तोही गावकऱ्यांनी राखलेल्या रानाचाच अभ्यास होता. दाजीपूरच्या रानात उगवाईचं ठाणं आहे. तिथे मुलांनी चपला काढाव्यात आणि आजूबाजूची झाडं बाहेरच्या झाडांहून किती जाड आहेत ते दोरीने मोजावं.

सुरक्षिततेवर पुस्तिकेत स्वतंत्र भाग आहे, तो गाडीत बसण्याआधी वाचावा. त्यातल्या तीनच गोष्टींवर मी इथे जोर देतो. पहिली पाण्याची. फेब्रुवारी 2016 मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेली 14 महाविद्यालयीन मुलं-मुली बुडाली. तलाव, धरण, ओढा, समुद्र, कुठेही सहलीत पोहायला उतरायचं नाही, आणि या नियमाला चांगलं पोहणाऱ्याचाही अपवाद नाही. दुसरी सापांची. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालते. घाटातल्या हिरव्या चापड्याच्या विषावर ती बनवलेली नाही. तेव्हा झुडपात हात घालायचा नाही, आणि दंश झालाच तर बांधणं, कापणं, चोखणं असे उद्योग न करता थेट दवाखाना गाठायचा. तो कुठे आहे आणि तिथे लस आहे का, हे आदल्या दिवशीच फोन करून विचारलेलं असावं. तिसरी आग्या मोहोळाची. अंगावर अत्तर नको, खाली धूर नको, दगड तर नकोच. दहा मुलांमागे एक मोठा माणूस आणि एका गटात तीसपेक्षा जास्त मुलं नाहीत, हे प्रमाण मला योग्य वाटतं. दोन बस भरून मुलं नेली की मार्गदर्शकाचा सगळा दिवस हजेरी घेण्यात जातो.

सहलीतल्या नोंदींचं पुढे काय होतं, हा प्रश्न फार थोडे शिक्षक विचारतात. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असावी लागते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवावी लागते. पुष्कळ गावांत ती एकदा लिहून कपाटात गेलेली आहे. शाळेच्या मुलांनी सलग काही वर्षं केलेल्या नोंदी त्या वहीत गेल्या तर तिला जीव येईल. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकता येतात. फेब्रुवारीत होणाऱ्या पक्षीगणनेत जगभरातले लोक भाग घेतात, त्यात कळंब्याची यादी का नसावी?

यासाठी एकच फेरी पुरत नाही. पुस्तिकेच्या शेवटी कळंब्याच्या चार फेऱ्यांचे तक्ते कोरे ठेवले आहेत. पहिली जूनमध्ये, पहिल्या दमदार पावसानंतर, बेडकांच्या आवाजासाठी. दुसरी ऑक्टोबरमध्ये, काठावरच्या गवताला आणि फुलपाखरांना बहर असताना. तिसरी जानेवारीत, हिवाळी पाहुणे आलेले असतात तेव्हा. चौथी एप्रिलच्या परीक्षा संपल्यावर. दाजीपूरची सहल यांतल्या तिसऱ्या फेरीनंतर ठेवावी, तोपर्यंत मुलांचे डोळे आणि वह्या दोन्ही तयार झालेल्या असतात. एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात सवलत देतं, त्याचा अर्ज मुख्याध्यापकांच्या पत्रासह वेळेत द्यावा. एप्रिलच्या फेरीत पाणी बांधापासून किती मागे गेलं ते दोरीने मोजून तक्त्यात लिहावं, त्याची एक प्रत कळंब्याच्या ग्रामपंचायतीत द्यावी आणि मूळ वही जूनमध्ये पुढच्या वर्गाकडे सोपवावी.